मशीन वाढवणे

दुपारी दोनला वीज गेल्यावर ते मशीन मेलं असतं, तर अंबादासशेठचा फायदाच होता. कारखान्याच्या पायऱ्या चढता चढताच मी तो मनात मांडून टाकला. डिझाइनची खोली रिकामी होणार. तिथं जावई बसणार. त्याचा नवा कॉम्प्युटर महिनाभर खोक्यातच पडून होता. एकतीस वर्षं चादरींची चित्रं काढणाऱ्या नाना वेळापुऱ्यांची ती न संपणारी चादर आपोआप संपणार. आणि यातलं काहीच शेठनी केलं असं कुणाला म्हणता येणार नाही. वीज गेली, मशीन गेलं, आपण काय करणार?

"या, रेडीजसाहेब, या." शेठनी स्वतः दार उघडलं. "नानाचं मशीन झोपेना झालंय. बघा काय करता येतंय का. पण एक सांगतो, फार जिवाला लावून घेऊ नका. नाही झालं तर नाही झालं."

डॉक्टरला बोलावणारा माणूस दारातच डॉक्टरचं सांत्वन करायला लागला, की घरात काय चाललंय ते वेगळं विचारावं लागत नाही.

याला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीच्या सोलापूर शाखेत कॉम्प्युटर दुरुस्तीला होतो. शाखेत आम्ही तिघे. पुढच्या सोमवारी पुण्याहून साहेब येणार होते आणि आमच्यातल्या एकाला शाखाप्रमुख करणार होते. माझं नाव पुढं होतं, आणि त्याचं कारण मला पक्कं माहीत होतं. प्रत्येक तक्रारीनंतर आम्ही एक फॉर्म भरायचो. त्यात शेवटचा रकाना होता, 'दोष कोणाचा'. पुढे दोन चौकटी, 'ग्राहक' आणि 'कंपनी'. दोन वर्षांत मी एकशे चौदा फॉर्म भरले होते आणि 'कंपनी'च्या चौकटीत एकदाही खूण केली नव्हती. इतर दोघांकडून अधूनमधून एखादी व्हायची. ते प्रामाणिक होते, मी हुशार होतो.

मशीन म्हणजे तसं मशीन नव्हतंच. नानांचा जुना कॉम्प्युटर जळाला, तेव्हा मीच त्याच्या पोटातलं सगळं उचलून एका नव्या कॉम्प्युटरमध्ये आणून ठेवलं होतं. नव्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट उघडायची आणि त्या चौकटीत जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा नांदायचा. आपण कधीच जळून गेलोय हे त्याला ठाऊकही नव्हतं. आमच्या भाषेत व्हर्च्युअल मशीन, कारखान्यात नुसतं 'नानांचं मशीन'. त्याला बंद न करता झोपवता यायचं. झोपवलं की समोरचं चित्र, रेघ जिथं थांबली असेल तिथं, सगळं गोठून डिस्कवरच्या एका फाइलीत जाऊन पडायचं. सकाळी उठवलं की तिथूनच पुढं.

हे झोपवणं नानांना चैन म्हणून हवं नव्हतं. त्यांच्या प्रोग्रामला एक किल्ली लागायची, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचा बोटभर खुंटा. तो मागच्या उन्हाळ्यात मोडला, आणि तो बनवणाऱ्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला होता. तेव्हापासून प्रोग्राम चित्र काढू द्यायचा, मागासाठी चित्राच्या भोकांच्या पट्ट्या कापू द्यायचा, पण चित्र जतन करू द्यायचा नाही. आणि एकदा बंद केला असता तर पुन्हा उघडणारही नव्हता. म्हणून नानांनी तो बंदच केला नाही. दहा महिने ते मशीन रोज झोपवायचे, रोज उठवायचे. म्हणजे करडईच्या फुलांची ती चादर, नानांनी एकेक घर मोजून काढलेली, कुठल्याही फाइलीत नव्हती. ती होती फक्त त्या मशीनच्या डोक्यात. झोपेशिवाय वीज गेली की संपली.

वीज दोनला जाणार होती. कारखान्याचं मुख्य पॅनेल बदलायचं होतं, जनरेटरची तारही त्यातूनच येत होती. बॅटरी वीस मिनिटं टिकायची, वीज तीन तास नसणार होती. मी खोलीत शिरलो तेव्हा पावणेअकरा झाले होते.

खोलीत श्रीलता उभी होती. पंचविशीची, सुती साडी, हातात वही अशी धरलेली की परीक्षेचा निकालच. दोन महिन्यांपूर्वी नानांना झटका आला आणि उजवी बाजू गेली, तेव्हा शेठनी तिला त्यांच्या जागी तीन महिन्यांच्या बोलीवर बसवलं होतं. नवरा रंगखात्यात. माहेर तेलंगणात, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन सोलापुरात आलेली. तीन महिने भरायला आता चाळीस दिवस उरले होते.

"ही आमची श्रीलता," शेठ म्हणाले. "घेतानाच विचारलं मी, अम्मा, नानानं सगळं मराठीत लिहून ठेवलंय, वाचता येतं का? येतं म्हणाली. म्हटलं बस मग. आमचं कसंय साहेब, बापजाद्यांपासून सोलापुरात. मराठी आमचं तुमच्या चिपळूणवाल्यांपेक्षा चोख आहे."

"असेल," मी म्हटलं. "आमचं जरा दमट असतं."

शेठ हसत बाहेर गेले. श्रीलता हसली नाही.

मी झोपेचं बटण दाबलं. पडद्यावर निळी पट्टी सरकत सरकत टोकापर्यंत गेली, क्षणभर थांबली आणि मागे आली. खाली इंग्रजीत एक ओळ: काम पूर्ण होऊ शकलं नाही. का नाही, ते सांगायची पद्धत नव्हती. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"परवापासून असंच करतो," श्रीलता म्हणाली. तिच्या लेखी मशीन पुरुष होतं.

"तुम्ही काही नवीन लावलंत? पेन ड्राइव्ह, प्रिंटर?"

"नाही. मी काहीच नाही केला, साहेब. नानांनी लिहून दिला तेवढाच."

हे वाक्य मी तोवर एकशे चौदा वेळा ऐकलं होतं. ऑपरेटरनं काहीही केलेलं नसतं. काम मग सोपं असतं: काय केलं ते शोधायचं, फॉर्मवर 'ग्राहक' लिहायचं आणि चहा पिऊन निघायचं. मी मनातल्या मनात खूण करूनही टाकली.

मग एकेक संशयित काढत गेलो. चौकटीतल्या मशीनला बाहेरचं काही जोडलेलं असलं की ते झोपायला कुरकुर करतं. पट्ट्या कापायच्या यंत्राची वायर काढली. सीडीची खिडकी बंद केली. आवाज बंद केला. दर वेळी पट्टी टोकापर्यंत जायची आणि मागे यायची. डिस्ककडे मी पाहिलंच नाही. ती मीच बसवली होती आणि नानांना स्वतः सांगितलं होतं, की दहा वर्षं बघायला नको.

बाराला शेठनी डोकावलं. "काय करलालाव साहेब? झोपलं का बाळ?"

"अजून नाही."

"अंगाई म्हणून बघा," म्हणून गेले. जाताना खोलीची लांबी-रुंदी नजरेनं मोजली, तेही मी पाहिलं.

"रोज संध्याकाळी मशीन कसं ठेवून जाता?" मी श्रीलताला विचारलं.

"वहीत आहे तसं." तिनं वही पुढं केली. "रोज वाचून करते मी."

नानांचं अक्षर झटक्याच्या आधीचं, टपोरं. एकूण नऊ सूचना. हात धुऊन बसणे. माउस आपटू नये, हळू सरकवणे. पडदा कोरड्या फडक्याने पुसणे. मशीनसमोर बसून जेवू नये. आणि शेवटची, खाली रेघ मारलेली: साडेपाचला मशीन वाढवणे, मगच उठणे.

"बरोबर आहे सगळं," मी म्हटलं. "नववं रोज करत होता?"

"रोज. एक दिवस पण नाही चुकवला."

"आणि नीट वाढत होतं?"

"मस्त वाढत होता!"

"किती वेळ लागायचा?"

"पहिला पहिला एक मिनिट. नंतर तीन, चार. मी थांबायचे. मगच उठायचे."

"परवापासून वाढत नाही."

"हो ना. इंग्लिशमध्ये काय तरी सांगतो आणि थांबतो. सकाळी पण दोनदा केला मी."

इतकं सरळ उत्तर मला कुठल्या ऑपरेटरनं दिलं नव्हतं. मला ती आवडायला लागली, आणि म्हणून जास्त संशय आला. घड्याळात पाऊण वाजला होता.

"असं करा," मी खुर्ची सोडली. "माझ्यासमोर एकदा वाढवून दाखवा. रोज करता तसंच्या तसं."

ती बसली. साडीला हात पुसले. माउस हळू सरकवत वरच्या पट्टीकडं नेला, झोपेच्या बटणावरून पुढं, आणखी पुढं. तिथं एक लहानसं चित्र होतं, घड्याळाचं, आणि त्याच्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह. तिनं त्याच्यावर टिचकी मारली.

"हे?" मी विचारलं.

"हो. हेच ना. अधिक."

"श्रीलताबाई, वाढवणे म्हणजे काय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. हा परीक्षेतला प्रश्न आहे हे तिला कळलं, आणि उत्तर बरोबर आहे याची खात्रीही होती. "जास्त करणे. आवाज वाढवणे, तसा. अधिक करणे."

मी खाली बसलो. खुर्ची तिच्याकडं होती, म्हणून स्टुलावर.

त्या चित्राचा उपयोग वेगळाच होता. ते दाबलं की मशीन आहे त्या क्षणी जसं असेल, तशी त्याची पुरी प्रत डिस्कवर साठवली जायची, आणि मशीन पुढं चालू राहायचं. आजवर मी ते दाबलेला माणूस पाहिला नव्हता. मी प्रतींची यादी उघडली. ती खाली खाली जात राहिली. एकेचाळीस प्रती. रोज एक, साडेपाच ते पाच पस्तीसच्या दरम्यान, रविवार सोडून. फक्त नाना पडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली, पहिली, सकाळी नऊची. दहा वर्षं पुरणारी डिस्क तिनं सात आठवड्यांत काठोकाठ भरली होती. झोपायला त्या मशीनला अंथरूणच उरलं नव्हतं. इतक्या भरल्या डिस्कवर वीज अचानक गेली, तर त्या प्रतींचाही भरवसा नव्हता.

आणि मशीन या सात आठवड्यांत एकदाही झोपलं नव्हतं. ही रोज वाढवून, पडद्याचं बटण दाबून घरी जात होती, आणि ते बिचारं अंधारात जागं बसत होतं.

तिला मी हे सोप्या शब्दांत सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग वही मिटली, पुन्हा उघडली, नवव्या ओळीवर बोट ठेवलं.

"मग वाढवणे म्हणजे बंद?"

"इथं बंद."

"आणि आवाज वाढवणे?"

"तिथं जास्त."

"हे कसं काय, साहेब?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेठना सांगू नका. मराठी येते म्हणून घेतला मला त्यांनी."

मी पिशवीकडं पाहिलं. बोलण्यासारखं होतं ते फॉर्मवर छापलेलंच होतं. उत्तर मिळालं होतं, रकाना तयार होता, आणि सोमवार चार दिवसांवर होता. एकशे पंधरावी खूण इतकी निर्मळ आजवर कुठलीच नव्हती.

यादीत प्रत्येक प्रतीपुढं त्या क्षणीच्या पडद्याचं लहान चित्र दिसत होतं. कुठली पुसावी ते ठरवायला मी ती पाहू लागलो, आणि थांबलो. पहिल्या चित्रात चादरीचा उजवा खालचा कोपरा रिकामा होता. दहाव्यात तिथं पिवळे ठिपके होते. विसाव्यात ठिपक्यांची फुलं झाली होती, बोंडं, काटेरी पानं. एकेचाळिसाव्यात कोपरा जवळजवळ भरला होता. चादर वाढत होती. नाना तर सात आठवडे भवानी पेठेत पलंगावर पडून होते.

"हे कोण काढतंय?"

श्रीलतानं उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. एक वाजला होता. तिनं तो घाबरून कानाला लावला, पण आवाज खोलीभर येत होता. अडखळणारा, अर्ध्या ओठांनी बोललेला.

"लता, बसलीस का? आज अकरावी ओळ. सातव्या घरापासून तीन केशरी..."

"नाना," मी फोन घेतला, "मी रेडीज. कॉम्प्युटरवाला."

पलीकडं पलंग करकरला. मग: "पकडलं म्हणायचं."

"काय चाललंय हे?"

"तिचं काही नाही. मी सांगितलं." एकेक शब्द ओढत होते. "शेठ म्हणाले, ती चादर राहू दे, साध्या डिझाइनी पुऱ्या कर. दिवसभर ती तेच करते. एक ते दोन सुट्टी. तेवढ्यात मी सांगतो, ती भरते. माझ्या हातानं आता चमचा उचलत नाही."

"आणि जेवता कधी?" मी श्रीलताला विचारलं.

ती जमिनीकडं पाहत म्हणाली, "मशीनसमोर बसून जेवायचा नाही लिहिलंय."

मी नानांना सारं सांगितलं. वीज दोनला जाणार, मशीन झोपत नाही, आणि का झोपत नाही. अधिकच्या चिन्हाशी आलो तसा फोनमधून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, पुन्हा झटका आला की काय. नाना हसत होते. हसताना त्यांना श्वास पुरत नव्हता.

"अगं पोरी, दुकान वाढवतात तसं गं!"

"दुकान वाढवतात म्हणजे मोठा करतात ना, नाना?"

आता मीही हसलो. चिपळूणला आमचं किराणा दुकान. रोज संध्याकाळी बाबा फळ्या लावत म्हणायचे, चला, वाढवूया. मी ती सूचना दोनदा वाचली होती आणि माझ्या डोळ्यांना त्यात काही खटकलंच नव्हतं.

"आम्ही कासार," नाना म्हणाले. "आमच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकान वाढवतं. बंद, संपलं, असं म्हणायचंच नाही. म्हणायला लागलं की तसंच होतं म्हणत." श्वास घेतला. "त्या मशीनला मी बंद कर कसं लिहिणार, रेडीज? ते बंद झालं तर काय होईल ते मला माहीत होतं. चूक माझी आहे. पोरीची नाही. फॉर्मवर तसं लिहा."

"ते नंतर बघू. आधी एक प्रत पुसायची आहे. एक पुसली की झोपण्यापुरती जागा होते. कुठली पुसू?"

"पहिली नको," श्रीलता एकदम म्हणाली. "ती नानांची आहे. मी हात लावायच्या आधीची. त्यासाठी मी सकाळीच वाढवला होता त्या दिवशी."

"पहिलीच पुसा," फोनमधून नाना. "अर्धवट कशाला ठेवायची."

"नाही हो, नाना. तुम्ही गप्प बसा."

पलीकडं नाना गप्प बसले. एकतीस वर्षांत त्यांना कारखान्यात कुणी गप्प बसा म्हटलं नसावं.

"मग दुसरी?" मी विचारलं.

तिनं वाकून दुसरं चित्र पाहिलं. "ती पुसा. त्या दिवशी माझा फूल वाकडा आला होता."

वाकडं फूल पुसायला अठरा मिनिटं लागली. जुन्या प्रतींचं असंच असतं, एक काढायची तर बाकीच्यांना सरकून बसावं लागतं. तेवढ्या वेळात फोन चालूच होता. बाहेर माग धडधडत होते. एक चाळीसला मी झोपेचं बटण दाबलं. निळी पट्टी टोकापर्यंत गेली. थांबली. श्रीलतानं पदराचं टोक दातांत धरलं. मग चौकट काळी झाली आणि मधोमध एक लहान चिन्ह आलं, झोपल्याचं.

"झोपला," ती म्हणाली.

"झोपलं?" नाना.

"झोपला, नाना."

त्यांनी जोरात श्वास सोडला. "लता, वही घे. नववी ओळ खोड. लिही, साडेपाचला मशीन..." आणि तिथं अडले. मला वाटलं, जीभ अडली. जीभ नव्हती. "मशीन बं..."

"मी 'झोपवणे' लिहिते, नाना," ती घाईनं म्हणाली. "चालेल ना? साडेपाचला मशीन झोपवणे."

"चालेल," नाना म्हणाले. "चांगलं आहे तुझं मराठी."

फोन ठेवल्यावर मी फॉर्म काढला. नाव, वेळ, तक्रार. कारण या रकान्यात मी लिहिलं, 'डिस्क कमी क्षमतेची बसवली होती. वेळच्या वेळी तपासली नाही.' शेवटच्या रकान्यात 'कंपनी'च्या चौकटीत खूण केली. ती नेमकी कुठं असते ते शोधायला क्षणभर लागला, इतकी तिची सवय नव्हती. श्रीलता माझ्या खांद्यावरून पाहत होती. मराठी तिला येत होतं.

शेठनी सही करताना फॉर्म दोनदा वाचला. "तुमची चूक?"

"आमची."

"बघा, असा माणूस पाहिजे," ते म्हणाले, पण चेहऱ्यावर थोडी निराशा होती. खोली हुकली होती. पॅनेलवाले आत येत होते. मी धावत ऑफिसात गेलो आणि एक पंचावन्नला फॉर्म पुण्याला फॅक्स केला. दोनला वीज गेली. सगळे माग एकदम थांबले आणि कारखान्यात असं शांत झालं, की कुठंतरी नळ गळतोय ते ऐकू आलं.

पाचला वीज आली. मी मशीन उठवलं. चौकट उजळली, आणि करडईचं शेत जिथं होतं तिथंच होतं. अकराव्या ओळीच्या सातव्या घरात कर्सर लुकलुकत होता. श्रीलतानं पडद्याला हात लावला आणि लगेच फडक्यानं पुसला, कोरड्या.

मी माझी पिशवी भरत होतो तेवढ्यात शेठ आले. "चला, सुटलो," असं काहीतरी म्हणाले. आणि ती बाई, जिचं मी सगळं झाकून ठेवलं होतं, ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तेलुगूत, शेठच्याही घरच्या भाषेत, बोलायला लागली. मला थांबवता येईना. भाषाच येत नव्हती. मध्ये 'वाढवणे' ऐकू आलं, मग 'नाना', मग एकदा 'रेडीजसाहेब', आणि पुन्हा 'वाढवणे'. मग एक शब्द, 'पेंचडम'. त्यावर शेठचा चेहरा बदलला.

"पेंचडम म्हणजे?" मी विचारलं.

"जास्त करणे," शेठ हळू म्हणाले. त्यांनी मला नाही, श्रीलताला विचारलं, तेही मराठीत: "पहिल्या दिवशी तू मला विचारलेलं तेव्हा मी असं सांगितलं?"

"हो, शेठ. जिन्यात. मी वही दाखवली होती. तुम्ही म्हणाला, एवढं येत नाही का, वाढवणे म्हणजे पेंचडम."

मला ती म्हणाली होती, शेठना सांगू नका. का, ते मला आत्ता कळलं. आपली चूक लपवायची नव्हती तिला. मालकाची झाकायची होती. पण त्यापायी खोटा ठपका माझ्यावर बसलेला तिला चालला नाही.

शेठ खुर्चीत बसले. नानांच्या खुर्चीत. तिथं मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होतो. 

"आमच्या दुकानात पण वाढवणेच म्हणतात की," ते म्हणाले. "आजोबा म्हणायचे. मीच म्हणतो. लक्षातच नाही आलं." मग माझ्याकडं वळले. "तो फॉर्म द्या इकडं. त्यावर जागा आहे का अजून?"

"फॅक्सनं गेला, शेठ."

"गेला?"

"दोनच्या आधीच."

ते बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिले. फुलं मोजत असावेत. मालक माणूस, नजर मोजायलाच तयार झालेली. "किती राहिलीत?"

"सहा, शेठ," श्रीलता म्हणाली.

"उद्यापासून एक ते दोन जेवायचं. बाहेर बसून. फुलं कामाच्या वेळात काढायची. नानाला सांग, सकाळी दहाला फोन करत जा म्हणावं." उठले, दारात थांबले. "आणि हे जिन्यातलं कुणाला सांगायचं नाही. दोघांनीही."

सोळा वर्षं मी सांगितलं नाही. आता शेठच राहिले नाहीत, म्हणून लिहितोय.

चादर महिनाभरानं मागावर चढली. सोमवारी साहेब आले आणि शाखाप्रमुख दुसऱ्याला केलं. त्याच्या फॉर्मांवर 'कंपनी'च्या तीन खुणा होत्या, माझ्या एकच, पण माझी ताजी होती, आणि तपासणी न केल्याची होती. मला आठ महिन्यांसाठी बीडला पाठवलं, एका भाड्याच्या खोलीत, जिथं सकाळी पाणी यायचं आणि दुपारी माशा. श्रीलता कायम झाली. जावयानं वरच्या मजल्यावर टेबल टाकलं. नानांनी चादर हातात घेऊन पाहिली, डाव्या हातात.

चूक शोधायला बसलं तर चौघांची होती. नानांनी 'बंद' लिहिलं नाही, शेठनी अर्थ चुकीचा सांगितला, श्रीलतानं तो मन लावून पाळला, आणि मी डिस्क पाहिली नाही. चौघेही ती आपली म्हणायला तयार झाले, एकेक करून, एकाच दिवसात. पण नानांचं मी ऐकलं नाही, आणि बाकीचे दोघं जरा उशिरा आले. फॉर्म तोवर गेला होता, आणि त्यावर सही माझी होती.